फट आवळत नेली की उजेड पसरतो, हे वर्गात कसं दाखवावं?

हा प्रश्न दिंडोरी तालुक्यातल्या एका विज्ञान शिक्षिकेचा आहे. त्यांनी पुठ्ठ्याला कटरने फट पाडली, मागून टॉर्च धरला, समोर पांढरा कागद लावला. कागदावर कडा पुसट झालेला फिकट पट्टा पडला, बाकी काही नाही. मुलांनी विचारलं, "पुस्तकात काळे-उजळ पट्टे आहेत, आपल्या कागदावर का नाहीत?" शाळेत वेगळी प्रयोगशाळा नाही, खर्चाला तीन-चारशे रुपये आहेत. अरुंद फटीतून आणि बारीक भोकातून जाताना प्रकाश वळतो, म्हणजे त्याचं विवर्तन होतं, हे मुलांना पटेल असं कसं दाखवायचं?

मॅडम, तुमच्या हातून काही चुकलेलं नाही, मापं आड आली. कटरने पाडलेली फट कितीही जपून पाडली तरी १ मिलिमीटरच्या आसपास राहते. लाल प्रकाशाची तरंगलांबी, म्हणजे एका लाटेची लांबी, साधारण ६५० नॅनोमीटर, म्हणजे ०.०००६५ मिलिमीटर. तेवढ्याशा लाटेला १ मिलिमीटरची फट म्हणजे गावाची वेसच. दीड हजार लाटा शेजारी शेजारी मावतील एवढी. प्रकाश तिथेही वळतो, पण १ मीटरवरच्या कागदावर पहिली काळी रेघ मध्यापासून जेमतेम ०.६५ मिलिमीटरवर येते. फटीच्या स्वतःच्या रुंदीतच ती बुडून जाते. त्यात टॉर्चचा आरसा दोन-तीन सेंटिमीटर रुंद. त्यावरचा प्रत्येक बिंदू आपापली नक्षी कागदावर टाकतो, त्या सगळ्या एकमेकींवर सरकून पडतात आणि एकीची काळी रेघ दुसरीच्या उजेडाखाली झाकली जाते. शिवाय पांढऱ्या उजेडात सगळे रंग, प्रत्येकाची तरंगलांबी वेगळी. या सगळ्यातून जो उरतो तो तुम्ही पाहिलेला पुसट पट्टा.

मग फट याच्या दहाव्या भागाएवढी हवी, उजेड एका रंगाचा आणि एका दिशेने येणारा हवा, आणि पडदा ३ मीटर तरी दूर हवा. साधा लाल लेझर पॉइंटर मधली अट पुरी करतो. पण सामानाकडे वळण्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण माझी शिकवण्याची पद्धत तिने बदलली.

नाशिकमध्ये मी ३१ वर्षं अकरावी-बारावीची प्रात्यक्षिकं घेतली. सुरुवातीची कितीतरी वर्षं मी काचपट्टीवरची तयार फट लेझरसमोर धरायचो. भिंतीवर सुंदर नक्षी यायची, मुलं ती वहीत उतरवून घ्यायची, तास संपायचा. एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने विचारलं, "सर, ही नक्षी त्या काचेवर काढलेलीच असेल ना? सिनेमाच्या फिल्मसारखी?" शंका अगदी रास्त होती. मी जे दाखवत होतो त्यात ती खोडून काढणारं काहीच नव्हतं. तेव्हापासून तयार फट मी सगळ्यात शेवटी काढतो. आधी मुलांच्या डोळ्यांदेखत फट आवळायची. आवळताना भिंतीवरचा उजेड अरुंद होत जातो, एका जागी थबकतो आणि मग उलट रुंद व्हायला लागतो. तो उलटा फेर मुलांनी स्वतः पाहिला पाहिजे. प्रकाश फक्त सरळच जात असता तर हे कधीच घडलं नसतं, आणि काचेवर काढलेल्या नक्षीची शंका तिथल्या तिथे मिटते.

त्यासाठी व्हर्नियर कॅलिपर, म्हणजे सरकत्या जबड्यांत वस्तू धरून जाडी मोजायचं साधन, सगळ्यात सोयीचा. शाळेत नसेल तर सातपूर-अंबडच्या कारखान्यात जाणारे पालक असतीलच. एका दुपारपुरता कुणीही आनंदाने देतो. त्यांच्याकडूनच फीलर गेजही मागून घ्या. पातळ पोलादी पात्यांचा पंखा असतो तो, प्रत्येक पात्यावर त्याची जाडी कोरलेली. ०.०५ आणि ०.१० मिलिमीटरची पाती आपल्याला लागतील.

टेबलावर शाडूच्या मातीचा गोळा ठेवून त्यात लेझर पॉइंटर आडवा रुतवा. बटण दाबलेलं राहावं म्हणून कपड्यांचा चिमटा लावा. हाताने धरलेला पॉइंटर थरथरतो आणि अर्धी मुलं नक्षीऐवजी त्या थरथरीकडेच बघत बसतात. दुसऱ्या गोळ्यात व्हर्नियर असा उभा करा, की जबड्यांमधली फट उभी येईल आणि किरण जबड्यांच्या टोकाकडच्या पातळ भागातून जाईल. स्वस्त पॉइंटरचा ठिपका बहुधा लांबट असतो. पॉइंटर फिरवून ती लांबी आडवी घ्या. खिडक्यांना बारदान लावलं तरी पुरतं, मिट्ट काळोख लागत नाही.

आता जबडे ४ मिलिमीटर उघडे ठेवा. ठिपका भिंतीवर जसाच्या तसा. सावकाश आवळा: ३, मग २. ठिपका दोन्ही बाजूंनी कापला जाऊन बारीक होतो. इथे थांबून विचारा, आणखी आवळलं तर काय होईल? हात वर करायला लावा. बहुतेक सगळी म्हणतील की आणखी बारीक होईल आणि शेवटी दिसेनासा होईल. मग काही न बोलता आवळत राहा. भिंत ३ मीटरवर असेल तर दीड-दोन मिलिमीटरच्या आसपास बारीक होणं थांबतं. ०.५ मिलिमीटरला मधला उजेड ८ मिलिमीटर रुंद झालेला असतो, ०.२ ला २ सेंटिमीटर. ०.१ ला जवळपास ४ सेंटिमीटर, आणि दोन्ही बाजूंना काळ्या रेघांनी तोडलेले फिकट तुकडे. फट उभी आणि पसरणं आडवं, हेही मुलांच्या तोंडून वदवून घ्या. नंतर व्हर्नियर आडवा केला की नक्षी उभी होते.

हा फेर नेमका कुठे येतो त्याचाही अंदाज बांधता येतो. फटीच्या रुंदीचा वर्ग जिथे तरंगलांबी आणि पडद्याचं अंतर यांच्या गुणाकाराएवढा होतो, त्याच्या जवळपास. ०.०००६५ गुणिले ३,००० म्हणजे १.९५, त्याचं वर्गमूळ १.४ मिलिमीटर. पडदा व्हरांड्यात ६ मीटरवर नेला तर फेर २ मिलिमीटरच्या आसपास येतो. दहावीच्या हुशार मुलांना हे करून बघायला द्या.

व्हर्नियरचा अर्थ लागला की मोजमापाची फट बनवा. दाढीची दोन नवी ब्लेड घ्या, वापरायची नाहीत त्या धारांवर चिकटपट्टी लावा. पुठ्ठ्याला चौकोनी खिडकी कापून त्यावर दोन्ही ब्लेड धारेला धार अशी ठेवा, मध्ये ०.१० चं पातं उभं धरा, ब्लेड त्याला हलकेच टेकवा, चिकटवा आणि पातं काढून घ्या. हे काम तुम्ही स्वतःच करा. हिशेब सरळ आहे: मधल्या उजेडाची रुंदी म्हणजे दोन गुणिले तरंगलांबी गुणिले पडद्याचं अंतर, भागिले फटीची रुंदी. या फटीला ३.९ सेंटिमीटर यायला हवं, ०.०५ च्या फटीला ७.८. पट्टी लावून मुलांना मोजू द्या. दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होईल, तेवढं होऊ द्या.

बाजूचे तुकडे मधल्याच्या निम्म्या रुंदीचे आणि फार मंद असतात. पहिल्या तुकड्याची प्रखरता मधल्याच्या ५ टक्केही नसते. डोळे अंधाराला सरावायला दोन मिनिटं द्या, घाईने "दिसलं का, दिसलं का" विचारू नका.

आता मुलं 'का' विचारतील. लाट या शब्दाने सुरुवात करण्यापेक्षा मी ढोलाने करतो. मिरवणुकीत पथक अजून गल्लीच्या वळणापलीकडे असतं तेव्हा आपल्याला काय ऐकू येतं? ढोलाचा ठोका. ताशाची तडतड स्वच्छ ऐकू येते ती पथक गल्लीच्या तोंडाशी आल्यावर. ढोलाच्या १०० हर्ट्झच्या आसपासच्या आवाजाची लाट ३ मीटरहून लांब असते, जुन्या पंचवटीतली गल्ली जवळपास तेवढीच रुंद. म्हणून तो आवाज तोंडाशी येताच चहूकडे पसरतो. तडतडीतल्या ३,००० हर्ट्झच्या आवाजाची लाट ११ सेंटिमीटरची, ती बरीचशी सरळ निघून जाते. भिंतींवर आपटून येणारा आवाजही यात मिसळलेला असतो, ते मुलांपासून लपवू नका. तरी मुद्दा पोचतो: लाट वळते किती, ते लाटेची लांबी आणि वाटेची रुंदी यांच्या तुलनेवर ठरतं. प्रकाशाची लाट इतकी आखूड, की तिला वळवायला केसाएवढी वाट करावी लागते.

आणि काळ्या रेघा? उजेड पसरला हे ठीक, पण मध्ये अंधार कुठून आला? इथे बहुतेक पुस्तकं घाईघाईने सूत्र देऊन मोकळी होतात आणि मुलं तिथेच सुटतात. मी लेझीम घेतो. फटीत एका ओळीत लेझीम खेळणारी मुलं उभी आहेत, सगळ्यांचा ठेका एकदम पडतोय. समोर दूर उभं राहिलं तर सगळ्यांचा ठेका एकाच वेळी पोचतो. आता तिरकं बाजूला जा. ओळीचं एक टोक जवळ, दुसरं लांब, त्यामुळे लांबच्यांचा ठेका उशिरा पोचतो. दोन टोकांमधला हा उशीर एका पूर्ण ठेक्याएवढा झाला, की ओळीच्या पहिल्या निम्म्यातल्या प्रत्येकाला दुसऱ्या निम्म्यात एक असा जोडीदार सापडतो, जो त्याच्या बरोबर अर्धा ठेका मागे आहे. लाटेत याचा अर्थ एकाचा उंचवटा आणि दुसऱ्याचा खळगा एकत्र आले. जोडीजोडीने सगळी ओळ मिटते, आणि भिंतीवर त्या जागी काळी रेघ उमटते. ओळ आखूड केली तर तेवढाच उशीर पडायला आणखी तिरकं जावं लागतं, म्हणून अरुंद फटीची काळी रेघ दूर सरकते. मी हे मैदानात बारा मुलं उभी करून, दोरीने अंतरं मोजून दाखवलेलं आहे. दोरी हातात आल्यावर सूत्र त्यांना पाठ करावं लागत नाही.

एक गैरसमज मात्र चिवट आहे: ब्लेडच्या चकचकीत धारेवर उजेड आपटून पसरतो, असा. तो बोलून जात नाही. एक ब्लेड काढा आणि त्याच जागी काळ्या कार्डशीटची स्वच्छ कापलेली कड लावा. फटीची रुंदी तीच ठेवली तर नक्षी तीच येते. कड कशाची आहे याच्याशी प्रकाशाला देणंघेणं नाही, मोकळी वाट किती आहे याच्याशी आहे.

याच्या पुढची पायरी म्हणजे फट काढूनच टाकायची आणि लेझरच्या वाटेत केस ताणून धरायचा. मधल्या प्रखर ठिपक्याच्या दोन्ही बाजूंना, फटीसारखीच नक्षी पडते. अडथळा आणि तेवढ्याच रुंदीची फट ठिपक्याच्या बाहेर सारखीच नक्षी देतात, हे ऐकून मोठी माणसंही थबकतात. थॉमस यंगने १८०३ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे जो प्रयोग मांडला, त्यातही अडथळाच होता: खिडकीच्या भोकातून आलेल्या सूर्यकिरणात त्याने इंचाच्या तिसाव्या भागाएवढी कार्डाची पट्टी धरली होती. त्याच्याही आधी इटलीतल्या बोलोन्याच्या ग्रिमाल्डीने सूर्यकिरणात बारीक वस्तू धरून सावलीच्या कडेचे रंगीत पट्टे टिपले. त्याचं पुस्तक तो गेल्यावर १६६५ मध्ये छापून आलं, आणि विवर्तनासाठी युरोपीय भाषांत आज जो शब्द चालतो तो त्याचाच. दोघांकडे होतं फक्त ऊन आणि बारीक भोक. तुमच्या शाळेकडे त्याहून जास्त सामान आहे.

केसाचं मोजमाप वर्गाला सर्वात जास्त आवडतं. पडदा ३ मीटरवर असताना ०.०७ मिलिमीटरच्या केसाच्या काळ्या रेघा एकमेकींपासून २८ मिलिमीटरवर येतात. एकच अंतर मोजू नका; डावीकडची तिसरी रेघ ते उजवीकडची तिसरी रेघ मोजा आणि सहाने भागा, चूक तेवढी कमी होते. तरंगलांबी गुणिले पडद्याचं अंतर भागिले हे अंतर म्हणजे केसाची जाडी. आज्जीचा केस, बाळाचं जावळ, घोड्याच्या शेपटीचा केस, मुलं काय काय घेऊन येतात! येवल्याच्या पैठणीचं रेशीम कुणी आणलं तर अख्खा धागा धरू नका, त्यात पुष्कळ तंतू पिळलेले असतात आणि नक्षी गढूळ येते. एकच तंतू सोडवून घ्या. तो केसापेक्षा बराच बारीक, त्यामुळे रेघा केसाच्या रेघांपेक्षा कितीतरी दूर जातात.

बारीक भोकांबद्दल. घरातला फॉइल पेपर पटकन फाटतो. जेवणाच्या पार्सलचा जो जाड फॉइलचा डबा येतो, त्याच्या तळाचा सपाट तुकडा घ्या. काचेवर ठेवून बारीक सुईचं फक्त टोक टेकवा आणि सुई बोटांत फिरवा, आरपार खुपसू नका. मागे उठलेली खर झिरो नंबरच्या पॉलिश पेपरवर घासून काढा. भोक गोल आणि स्वच्छ असेल तर भिंतीवर उजळ चकती आणि भोवती कडी दिसतात. ०.३ मिलिमीटरचं भोक आणि ४ मीटरवर भिंत असेल तर पहिल्या काळ्या कड्याचा व्यास २.१ सेंटिमीटर येतो. इथे फटीच्या सूत्रात १.२२ ने गुणावं लागतं, कारण गोल भोक मध्ये रुंद आणि कडेला अरुंद असतं. हा हिशेब इंग्रज खगोलशास्त्रज्ञ एअरीने १८३५ मध्ये केला. दुर्बिणीतून तारा पूर्ण बिंदू का दिसत नाही, याचं मूळ याच चकतीत आहे. दहा भोकं पाडलीत तर दोन-तीनच चांगली निघतील. ती जपून ठेवा. वाकडी निघालेलीही टाकू नका. तिकोनी भोकाची नक्षी सहा टोकांची चांदणी असते, चौकोनीची फुली. भोकाचा आकार भिंतीवर तसाच न उमटता असा बदलून येतो, हे पाहून मुलं आपणहून नवे आकार कापायला लागतात.

एकाच फटीऐवजी पुष्कळ फटी एकत्र हव्या असतील तर लग्नपत्रिका छापणाऱ्या स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडून जुन्या जाळीचा तुकडा आणा. इंचाला ३०० धाग्यांची जाळी असेल तर ३ मीटरवर २३ मिलिमीटरच्या अंतराने ठिपक्यांची चौकट पडते, रांगोळीच्या ठिपक्यांसारखी. जाळी तिरकी फिरवली की रांगोळीही फिरते. आणि तुमच्याकडे द्राक्ष-डाळिंबाच्या बागांवर टाकतात त्या क्रॉप कव्हरचा पांढरा तुकडाही शेजारी धरून बघा. न विणलेलं कापड ते. तंतू हवे तसे पसरलेले, अंतरांना शिस्त नाही. भिंतीवर ठिपके पडत नाहीत, नुसतं दाणेदार धूसर वलय पडतं. नक्षी येते ती ओळीतून, हे या दोन तुकड्यांइतकं चांगलं दुसरं काही सांगत नाही.

लेझरबद्दल मी कडक आहे. लाल पॉइंटर घ्या, १ मिलिवॉटपेक्षा कमी शक्तीचा. स्वस्त हिरवे पॉइंटर लेबलवर लिहिलंय त्याहून बरेच प्रखर निघू शकतात आणि त्यांतून न दिसणारं अवरक्त किरणही बाहेर पडू शकतं. शाळेत ते आणूच नका. किरण बसलेल्या मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर नको, टेबल आणि भिंत यांच्यामध्ये कुणी नको, घड्याळ-बांगड्या किरणाच्या वाटेत नकोत. फटीतून लेझरकडे किंवा सूर्याकडे कुणीही, क्षणभरही बघायचं नाही.

प्रत्येक मुलाला स्वतःच्या डोळ्याने बघायला मिळावं म्हणून लेझर बंद करून दुसरा प्रयोग करा. माझ्या मते चाळीस मुलांच्या वर्गाला तोच जास्त लागू पडतो. अंधाऱ्या व्हरांड्याच्या टोकाला मोबाइलचा फ्लॅश लावून ठेवा आणि त्यावर एखाद-दोन मिलिमीटरचं भोक पाडलेला फॉइलचा तुकडा चिकटवा. १० मीटरवरून तो जवळजवळ बिंदूच असतो. तुमच्या टॉर्चला जे जमलं नाही ते याला जमतं, आणि पडद्याचं काम डोळ्याच्या आतला पडदा करतो. तुम्ही बनवलेली ०.१ मिलिमीटरची फट, धारा झाकून घट्ट चिकटवलेली, एकेकाच्या डोळ्यासमोर तुम्हीच धरा. मधे पांढरा पट्टा, बाजूंना रंगीत. मग फ्लॅशवर लाल जिलेटिन पेपर लावा, मग निळा. लाल नक्षी पसरट, निळी आटोपशीर. कोणत्या रंगाची लाट लांब, याचं उत्तर मुलं पुस्तक न उघडता देतात.

हे सगळं एका तासात कोंबू नका. पहिल्या दिवशी फक्त व्हर्नियर, ढोल आणि लेझीम. दुसऱ्या दिवशी केस आणि मोजमाप. भोकं, जाळी आणि व्हरांड्यातला दिवा तिसऱ्या दिवशी. फटीचे पुठ्ठे चपट्या डब्यात ठेवून त्यांवर ०.०५ आणि ०.१० असं लिहून ठेवा, पुढच्या वर्षी लागतील. आणि तास संपला की ब्लेड मोजून स्वतःच्या ताब्यात घ्या.